अर्जदाराने स्वतः हजर राहावे

समाधान वानखेडेचा मेसेज आला तेव्हा भाऊराव गजभिये जवस निवडत बसले होते, आणि मेसेज त्यांना नव्हता, त्यांच्या बायकोला होता. त्यात नवल काही नव्हतं. शैलाबाईंना जाऊन चौदा महिने झाले होते, तरी त्यांना भाऊरावांपेक्षा जास्त मेसेज येत.

"काकू, खुशखबर!!! आमच्या कंपनीच्या कॅन्टीनला तुमची जवसाची चटणी पसंत पडली. महिन्याला वीस किलो! व्हेंडर फॉर्म मी तुमच्या नावाने भरून टाकलाय. फक्त जीएसटी नंबर पाठवा. ३१ जानेवारीच्या आत पाहिजे, नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला जाईल."

भाऊरावांनी चष्मा पुसून मेसेज परत वाचला. वीस किलो वाचून ते खूश झाले आणि 'तुमच्या नावाने' वाचून त्यांनी चष्मा परत काढून ठेवला.

इथे थोडा खुलासा केला पाहिजे. शैलाबाई आठ-नऊ वर्षं दिल्लीतल्या मुनिरकात राहणाऱ्या मराठी मुलांना चटण्या पुरवत. ही मुलं लातूर, वाशीम, हिंगोलीहून स्पर्धा परीक्षेसाठी येतात, दहा बाय दहाच्या खोलीत राहतात आणि मेसच्या भाजीला चव यावी म्हणून वर काहीतरी घालून खातात. ते काहीतरी शैलाबाईंचं असे. समाधानही तिथे चार वर्षं राहिला, दोनदा मुलाखतीपर्यंत पोचला, आणि शेवटी मानेसरला मोटारीचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागला. शैलाबाई गेल्या त्याच्या चौथ्या दिवशी त्यांच्या फोनवर एका मुलाने विचारलं, "काकू, अर्धा किलो मिळेल का?" घरात माणसं बसलेली होती. भाऊरावांनी काही न सुचून लिहिलं, "मिळेल."

तिथून ते चालू झालं. मदतीला येणाऱ्या शेवंताबाईंना सगळं प्रमाण पाठ होतं. त्या भाजत, भाऊराव निवडत आणि कुटत, पाकिटं मुनिरकातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात ठेवली जात आणि मुलं तिथून उचलत. मेसेजला उत्तरं भाऊराव देत. खोटं असं त्यांनी एकही वाक्य लिहिलं नाही. 'मी शैला' असं कधी लिहिलं नाही. एका मंत्रालयात चौतीस वर्षं काढून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला कागदावर काय लिहायचं नाही, हे बरोबर कळतं. कोणी फोन केला तर ते उचलत नसत. मुलांना वाटे, काकू कामात असतील.

आता मात्र कारखान्याच्या फॉर्मवर छापील अक्षरांत होतं : मालक, शैला गजभिये. आणि सरकारकडून नंबर हवा होता.

"कधी काढायचा असतो हा नंबर?" हा प्रश्न भाऊरावांनी दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बागेत विचारला, ही त्यांची पहिली चूक. दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्या सोसायटीत जानेवारीच्या उन्हाला बाकावर बसणाऱ्यांपैकी दोघं असे होते की त्यांना सगळंच माहीत असे, आणि दोघांना वेगवेगळं माहीत असे.

"चालीस लाख," चड्ढाजी म्हणाले. त्यांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि आता ते मुलगा बघत होता. "चालीस लाख की सेल तक गवर्नमेंट आपको पहचानती भी नहीं, गजभिये साहब. आराम से चटनी कूटो."

"वीस," सुधाकर पांगारकर म्हणाले. ते बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते आणि कोणताही आकडा अर्धा करून सांगत. "वीस लाख, भाऊराव. चाळीस ही अफवा आहे."

"अफवा? मेरा बेटा रोज़ भरता है जी!"

"तुमचा मुलगा भरतो म्हणून तर तुम्हाला माहीत नाही."

यावर अर्धा तास गेला. एका काकडीवाल्यालाही मत विचारण्यात आलं. भाऊरावांची विक्री वर्षाला दोन लाखांच्या आतच राहत असल्यामुळे दोन्ही आकड्यांपासून ते सारखेच लांब होते, पण हे कोणी त्यांना विचारलं नाही. शेवटी चड्ढाजींनी मार्केटमधल्या अरोरा नावाच्या सीएचा पत्ता दिला आणि पांगारकरांनी त्याच्याकडे जाऊ नका असं सांगितलं. भाऊराव गेले.

अरोरा तरुण होता, भराभर बोलत होता आणि बोलताना दुसऱ्याचं काम करत होता.

"बीस-चालीस सब भूल जाइए, अंकल. माल कहाँ जाएगा?"

"मानेसर."

"मानेसर तो हरियाणा है."

"हाँ, पर यहीं तो है. हमारे घर से तो करोलबाग दूर पड़ता है."

"दूर-पास का सवाल नहीं है. करोलबाग दिल्ली है, मानेसर दूसरा स्टेट. आपकी चटनी ने बॉर्डर पार किया, तो पहले डिब्बे से रजिस्ट्रेशन चाहिए. चाहे साल में एक ही डिब्बा भेजो."

पंचवीस वर्षं भाऊराव द्वारकेत राहत होते. गुरगावला जाताना ती हद्द त्यांनी कितीदा ओलांडली असेल, एकदा तर नुसती चप्पल शिवून घ्यायला. चटणीला तसं जाता येत नाही हे त्यांना नवीन होतं.

"पहले कुछ भेजा तो नहीं उधर?" अरोराने सहज विचारलं.

इथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नाही. भाऊरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बारह दिसंबर को. दो किलो. सैंपल था."

"फ्री?"

"नहीं. उसने पैसे भेज दिए. मैंने मना किया था."

अरोराने पहिल्यांदा कीबोर्डवरून हात उचलले. "तो तीस दिन गिन लीजिए. ग्यारह जनवरी तक अप्लाय करना है." त्या दिवशी सात तारीख होती. "टेंशन की बात नहीं है," तो म्हणाला, आणि ते ऐकून भाऊरावांना खरं टेन्शन आलं. चौतीस वर्षांत त्यांनी स्वतः हे वाक्य ज्यांना ज्यांना म्हटलं होतं, त्यांतल्या बहुतेकांचं काम झालं नव्हतं.

"प्रोप्रायटर कौन है?"

भाऊरावांनी उत्तर न देता समाधानचा फॉर्म दाखवला. अरोराने वाचलं. "शैला गजभिये. मैडम हैं आपकी?"

"मेरी मिसेज़," भाऊराव म्हणाले.

यातही खोटं काही नव्हतं. त्याच क्षणी पुढचं वाक्य बोलायला हवं होतं, हे त्यांना त्या वेळीही कळत होतं. पण ते वाक्य बोललं की समाधानला सांगावं लागणार, समाधानला सांगितलं की मुनिरकाला कळणार, आणि मग तो फोन नुसता एक फोन होणार. शिवाय अकरा तारीख चार दिवसांवर.

"मैडम का पैन, आधार, फोटो. जगह का प्रूफ, मतलब बिजली का बिल. बिल आपके नाम है तो मैडम के लिए आपका कंसेंट लेटर बनेगा."

"बिल भी उन्हीं के नाम है."

"और फ्लैट?"

"फ्लैट भी."

दिल्लीत बाईच्या नावाने घर घेतलं की मुद्रांक शुल्क कमी पडतं. त्यामुळे भाऊरावांच्या सोसायटीतले निम्मे पुरुष कागदोपत्री बायकोच्या घरात राहतात आणि भांडणात ते त्यांना ऐकून घ्यावं लागतं. भाऊरावांनीही तसंच घेतलं होतं. शैलाबाई गेल्यावर नाव बदला, असं त्यांना पुष्कळांनी सांगितलं होतं. नागपूरला असलेली त्यांची लेक श्रावस्ती दर महिन्याला आठवण करत असे. भाऊराव 'बघू' म्हणत. विजेचं बिल दर महिन्याला श्रीमती शैला भाऊराव गजभिये यांना येई आणि भाऊराव ते मुदतीच्या आत भरत.

"वाह," अरोरा खुशीत म्हणाला. "घर, बिल, पैन, आधार, बैंक, सब एक नाम. अंकल, ऐसा साफ केस महीने में एक आता है."

आणि ते खरंच होतं. भाऊरावांनी हयातीत हजारो अर्ज तपासले होते. एखादा अर्ज इतका बिनचूक त्यांनी पाहिला नव्हता. नावाची एक मात्रा इकडची तिकडे नव्हती. अर्जात काहीच कमी नव्हतं. फक्त अर्जदार नव्हती.

दहा तारखेला अरोराच्या ऑफिसात अर्ज भरला गेला. 'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे' असं सांगणाऱ्या चौकोनात अरोराने टिक केली. मग शैलाबाईंचा फोन भाऊरावांच्या खिशात थरथरला.

"ओटीपी आया होगा. बोलिए."

सहा आकडे होते. ते दहा मिनिटं चालणार होते. भाऊराव त्यांच्याकडे बघत राहिले. याच भाऊरावांनी एकदा एका हेडक्लार्कची फाइल तीन वेळा परत पाठवली होती, कारण त्याने साक्षांकित प्रतीवर साक्षांकनाची तारीख घातली नव्हती. त्या हेडक्लार्कच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. भाऊरावांना तो आत्ता आठवला, का कोण जाणे.

"अंकल? एक्सपायर हो जाएगा."

भाऊरावांनी आकडे वाचून दाखवले. पाचवा आकडा चुकला. परत वाचला.

अर्ज गेला.

तीन दिवस भाऊरावांनी जवस इतकं बारीक निवडलं की शेवंताबाई म्हणाल्या, "दादा, खडे संपले जी. आता जवसच काढून टाकून राहिले तुम्ही."

चौथ्या दिवशी शैलाबाईंच्या फोनवर सरकारचा मेसेज आला. ओळख पटवण्यासाठी एकोणीस जानेवारी, सकाळी अकरा वीसची वेळ दिली होती. बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जातील. अर्जदाराने मूळ कागदपत्रांसह स्वतः हजर राहावे.

भाऊराव खुर्चीत बसले. मग उठले. मग परत बसले. बोटाचा ठसा! सगळं कागदावर निभावेल अशी त्यांची समजूत होती, कारण त्यांच्या काळी सगळं कागदावरच निभावत असे. सरकारला माणूस बघायचा असतो ही गोष्टच त्यांच्या नोकरीत कधी आली नव्हती.

त्यांनी अरोराला फोन केला. "आना ज़रूरी है?"

"पाँच मिनट का काम है अंकल. अब बहुतों को बुलाते हैं. बस मैडम को बोलिए, मेहंदी न लगाएँ. मेहंदी में अंगूठा नहीं आता."

"ठीक है," भाऊराव म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, आपण 'ठीक है' का म्हणालो?

आता हे मनात ठेवणं शक्य नव्हतं, आणि सांगायचं तर ज्यांनी शैलाबाईंना खांदा दिला त्यांनाच सांगता येणार होतं. बागेतल्या बाकावर त्यांनी सगळं सांगितलं. चड्ढाजींच्या हातातलं संत्रं सोलता सोलता थांबलं.

"भाभीजी के नाम से?" ते कुजबुजले. त्यांचं कुजबुजणं दुसऱ्या मजल्यापर्यंत जातं. "ओ गजभिये साहब, ये तो चार सौ बीस है! पेंशन रुक जाएगी!"

"अर्ज मागे घ्या," पांगारकर म्हणाले. "आजच्या आज. चूक झाली म्हणा. वय झालंय म्हणा. डॉक्टरचं सर्टिफिकेट मी मिळवून देतो, विस्मरणाचं."

"माझं विस्मरण झालेलं नाही," भाऊराव म्हणाले.

"तेच तर सर्टिफिकेटवर लिहायचं असतं की झालंय."

"या फिर," चड्ढाजी इकडेतिकडे बघत म्हणाले, "किसी लेडी को ले जाओ. मास्क लगवा दो. ठंड है, सब मफलर में हैं."

"आणि अंगठा कोणाचा लावायचा?" पांगारकरांनी विचारलं.

"अंगूठा... अंगूठा तो लफड़ा है," चड्ढाजींनी कबूल केलं आणि संत्र्याची फोड तोंडात टाकली.

भाऊराव घरी आले तर शेवंताबाई कढई घासत होत्या. बागेतलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलेलं होतं. दुसऱ्या मजल्यावर त्यांची चुलतबहीण कामाला होती.

"मी नाही येणार जी मास्क लावून," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"मी म्हटलं का तुम्हाला?"

"म्हणाल म्हणून आधीच सांगून ठेवते." कढई त्यांनी आपटली. "मी येत्या एक तारखेपासून बाकीच्या दोन्ही घरचा स्वैपाक सोडला दादा. मालकिणींनी दुसऱ्या बाया बघितल्या. वीस किलो म्हणाले तुम्ही, म्हणून सोडला. ते बुडालं तर मी अमरावतीला भावाच्या दारात जाणार का?"

"बुडणार नाही."

"काहून नाही? ताईंचा अंगठा कुठून आणणार?" मग त्यांचा आवाज उतरला. "ताई गेल्या त्या दिवशी त्यांना आंघोळ मी घातली. तुम्ही बाहेर बसले होते. मला माहीत आहे त्या गेल्या. तुम्हालाच तेवढं माहीत नाही."

असं भाऊरावांशी त्यांच्या खात्यातला सहसचिवही बोलला नव्हता. त्यांनी जवसाचं ताट पुढे ओढलं. ताटात निवडायला काही उरलं नव्हतं.

एकोणीस तारखेला धुकं इतकं होतं की मेट्रोच्या जिन्यावरून खालचा रस्ता दिसत नव्हता. भाऊराव दहालाच जीएसटीच्या केंद्रावर पोचले. बगलेत फाइल होती, तिला त्यांनी सवयीप्रमाणे खुणेच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. कोटाच्या आतल्या खिशात वेगळं पाकीट होतं, त्यात मृत्यूचा दाखला. त्याच्या त्यांनी त्या वेळी बारा प्रती काढून आणल्या होत्या, लागतात म्हणून. बाराच्या बारा अजून होत्या.

काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. रात्रभर त्यांनी मनात तीन मसुदे केले होते आणि तिन्ही परत पाठवले होते.

हॉलमध्ये चाळीसेक खुर्च्या होत्या. शेजारी टाइल्सचा धंदा सुरू करणारा एक माणूस बसला होता. त्याचा ठसा दोनदा उमटला नव्हता, सिमेंटनं बोटं घासली गेलेली, म्हणून तो बोटांना क्रीम लावत होता. "आपका भी अंगूठे का प्रॉब्लम है?" त्याने विचारलं.

"हाँ," भाऊराव म्हणाले.

अकरा वीस झाले. अकरा पस्तीस झाले. भाऊरावांना वाटायला लागलं, नाव गळलं असेल. सरकारी यादीत नावं गळतात, त्यांनी स्वतः गाळली होती, चुकून. गळलं असेल तर आपण उठावं आणि घरी जावं.

तेवढ्यात खिडकीतली मुलगी मोठ्यांदा म्हणाली, "शैला भाऊराव गजभिये!"

चौदा महिन्यांत ते नाव भाऊरावांनी बिलावर वाचलं होतं, फोनवर वाचलं होतं. पण 'ओ' मिळेल म्हणून कोणी ते मोठ्याने पुकारलं नव्हतं. हॉलमधल्या दोन-तीन बायकांनी इकडेतिकडे पाहिलं, कोण उठतंय ते.

"शैला गजभिये! हैं क्या?"

भाऊराव उठले आणि खिडकीशी गेले.

"मैडम कहाँ हैं, अंकल?"

"वो नहीं आएँगी."

"तो दूसरी डेट ले लीजिए. चौबीस को खाली है."

"दूसरी डेट पर भी नहीं आएँगी."

मुलीने वर पाहिलं. विशीतली होती, नाकावर मास्कचा वळ. "बीमार हैं?"

"नहीं." भाऊरावांनी खिडकीच्या कडेला धरलं. "गुज़र गईं."

मुलीचा चेहरा उतरला. "ओह. सॉरी, अंकल." ती हळू आवाजात बोलायला लागली. "अप्लाय करने के बाद हुआ ना? कोई बात नहीं. मैं नोट डाल देती हूँ कि आवेदन के बाद देहांत हुआ. फाइल बंद हो जाएगी. आपको कुछ नहीं करना."

एवढं सोपं होतं. 'हाँ' म्हणायचं, एक शब्द. चारशे वीस नाही, पेन्शनला धोका नाही, मुलगी वर सहानुभूतीने पाणी देणार. भाऊरावांनी मागे पाहिलं. क्रीमवाला माणूस बोटं वर धरून ऐकत होता. पण 'हाँ' म्हटलं तर शैला मागच्या आठवड्यात गेली असं सरकारदप्तरी लागणार होतं. ती मागच्या आठवड्यात गेली नव्हती. ती गेली त्या दिवशी बुधवार होता, बाहेर कचऱ्याची गाडी गाणं लावून उभी होती, आणि भाऊराव तिचा हात धरून बसले होते. त्या दिवसाची जागा दुसऱ्या कुठल्या दिवसाला कशी द्यायची?

"नहीं बेटा," ते म्हणाले. "पहले. चौदह महीने पहले."

मुलीचा माउसवरचा हात थांबला. मग ती उठून साहेबांना बोलवायला गेली.

साहेब आतल्या केबिनमध्ये हीटरला पाय लावून बसले होते. पन्नाशीचे, मफलर बांधलेले. त्यांनी भाऊरावांना बसायला सांगितलं नाही.

"आपने मृत व्यक्ति के नाम से आवेदन किया?"

"जी."

"ओटीपी किसने दिया?"

"मैंने. फोन उन्हीं का है. मेरे पास रहता है."

"चालू?"

"चालू. बच्चे मैसेज करते हैं."

"किसके बच्चे?"

"किसी के नहीं. मतलब, मुनिरका के."

साहेबांनी याची नोंद केली नाही. "रिटायर्ड हैं? कहाँ से?"

भाऊरावांनी मंत्रालयाचं नाव सांगितलं. "सेक्शन ऑफिसर."

"सेक्शन ऑफिसर होकर?"

एवढंच म्हणाले साहेब. भाऊरावांनी मान खाली घातली. नोकरीत त्यांनीही माणसांना अशी तीन शब्दांत खाली बघायला लावलं होतं, आणि आपण फार कमी बोलतो याचा त्यांना तेव्हा अभिमान होता.

"लिखकर दीजिए," साहेब म्हणाले आणि एक कोरा कागद सरकवला. "जो हुआ, पूरा."

भाऊरावांनी पेन काढलं. मसुदा करणं हेच त्यांचं आयुष्य. त्यांनी 'उपर्युक्त विषय के संदर्भ में सादर निवेदन है कि' एवढं लिहिलं आणि पुढे काही येईना. त्यांनी ते खोडलं. खाडाखोड झालेला कागद त्यांनी कधी कोणाचा घेतला नव्हता. मग त्यांनी लिहिलं :

'मेरी पत्नी शैला का देहांत हो चुका है. दाखला साथ में है. आवेदन उसके नाम से मैंने भरा. उसे इसकी जानकारी नहीं थी. गलती मेरी है.'

साहेबांनी वाचलं. 'उसे इसकी जानकारी नहीं थी' इथे ते जरा रेंगाळले. मग कागद परत दिला. "विषय नहीं लिखा ऊपर."

भाऊरावांनी कागद घेतला. वर जागा होती. त्यांनी लिहिलं, 'विषय : पत्नी का देहांत', आणि खाली सही केली. सही जुळत होती.

"ये आवेदन रिजेक्ट होगा," साहेब म्हणाले. "नया भरिए, अपने नाम से. अपना अंगूठा लेकर आइए. बिजली का बिल अपने नाम कराइए, बच्चों की एनओसी लगेगी. नोटिस आए तो यही जवाब दीजिएगा, ऐसा ही सीधा. अब बैठिए, पानी पीजिए."

भाऊराव बसले नाहीत. "साहब, एक बात और है. बारह दिसंबर को दो किलो माल बिना रजिस्ट्रेशन मानेसर गया है."

साहेब सावध झाले. "क्या माल?"

"चटनी."

"दो किलो?"

"दो किलो. जवस... अलसी की."

साहेबांनी फाइल बंद केली, हीटरची बाजू बदलली आणि म्हणाले, "गजभिये जी, नए फॉर्म में तारीख का खाना होता है. उसमें बारह दिसंबर लिख दीजिएगा. अब आप घर जाइए."

बाहेर धुकं थोडं वर गेलं होतं. भाऊराव केंद्राच्या पायऱ्यांवर उभे राहिले. एकतीस तारखेला बारा दिवस होते. शेवंताबाई घरी वाट बघत असतील, किंवा बोचकं बांधत असतील. त्यांनी शैलाबाईंचा फोन काढला, समाधानचं नाव शोधलं, आणि या वेळी मेसेज न लिहिता हिरवं बटण दाबलं.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. "काकू! अरे वा, आज चक्क फोन! नंबर आला का?"

"समाधान, मी भाऊराव बोलतोय. काका."

"हां काका, बोला ना. काकू कामात आहेत का?"

"शैला गेली, समाधान. मागच्या वर्षीच्या आधीच्या नोव्हेंबरात." हे वाक्य लांबलं, म्हणून त्यांनी परत सांगितलं. "चौदा महिने झाले. तुला मेसेज मी करत होतो. चटणी मी आणि शेवंताबाई करतो. प्रमाण तिचंच आहे. नंबर माझ्या नावाने निघेल, पण एकतीसपर्यंत निघेल का, सांगता येत नाही. तुझ्या फॉर्मवर चुकीचं नाव आहे. ते माझ्यामुळे."

पलीकडून कारखान्यातल्या यंत्रांचा ठोका ऐकू येत राहिला. मग कुठलंतरी दार बंद झालं आणि ठोका बारीक झाला.

"काका, तुम्ही सांगायचं होतं," समाधान म्हणाला. "आम्ही आलो असतो."

"हो."

"सगळे आलो असतो काका. मुनिरका रिकामं झालं असतं."

"हो. माझी चूक झाली."

समाधानने नाक ओढलं. "फॉर्म मी परत भरतो. मुदत वाढवा म्हणून खरेदीवाल्यांच्या पाया पडतो. देतील का, शब्द देत नाही."

"शब्द देऊ नकोस. प्रयत्न कर."

"काका," समाधान म्हणाला, "दिवाळीत काकूंनी मला विचारलं होतं, लग्नाचं काय केलंस. मी उत्तरच दिलं नव्हतं. मला नंतर फार लागलं होतं ते."

"ते मी विचारलं होतं," भाऊराव म्हणाले.

"मग तुम्हालाच सांगतो," समाधान म्हणाला. "ठरलंय काका. एप्रिलमध्ये आहे."

भाऊराव पायरीवर बसले. पायरी गार होती. येणारीजाणारी माणसं त्यांना वळसा घालून जाऊ लागली.

"मुलगी कुठली?" त्यांनी विचारलं. "आणि आधी एक सांग, जवस खाते का ती?"